खालच्या तालमीचा गुलाल

मंगळवार, २५ मार्च

गणपत,

वर ‘चिरंजीव’ लिहिलेलं नाही, ते विसरून नव्हे. दोन गल्ल्या सोडून राहणाऱ्या सख्ख्या भावाला पत्र लिहायची वेळ आली, कारण रविवारी संध्याकाळी मी तुझ्या दारात उभी राहून बोलत होते, तेव्हा तू आतून कडी लावलीस आणि टीव्हीचा आवाज वाढवलास. साबणाची जाहिरात चालू होती. थोरल्या बहिणीपेक्षा साबण बरा, असं ठरवलं असशील तर ठरव. पण पत्राचा आवाज तुला कमी-जास्त करता येणार नाही. धोंडुबाई तुझ्याकडे भांड्यांना येते, तिच्या हाती पाठवते आहे. तिला वाचता येत नाही. पण तुला येतं, असं आबा म्हणायचे.

तालमींच्या फुटबॉलची फायनल मी पाहिली. बायकांच्या बाकावर पहिल्या रांगेत होते. एक-एक बरोबरी झाली, टायब्रेकर झाला, शेवटची पेनल्टी आपल्या कॅप्टननं मारली आणि खालच्या तालमीच्या गोलकीपरनं ती अडवली. कॅप्टन म्हणजे तुझा मुलगा, ऋतुराज. आपण हरलो. इथपर्यंत मला वाईट वाटलं. किळस नंतर आली.

तुझ्या संघानं उपविजेतेपदाची पदकं घ्यायला नकार दिला. ज्यांनी घेतली, त्यांनी ती पाहुण्यांच्या मांडवाकडे भिरकावली. एक पदक सरबत वाटणाऱ्या बाईच्या कपाळाला लागलं. तुझा लाडका सेंटर फॉरवर्ड, सम्राट, ते पदक फेकून झाल्यावर उपविजेत्यांच्या चषकाला लाथ घालून ‘पंच इकला गेला’ म्हणून नाचत होता. आणि तू, तालमीचा अध्यक्ष, पांढऱ्या शर्टात, हाताची घडी घालून हे सगळं बघत होतास. अडवलं नाहीस. मी बघत होते तुझ्याकडे.

आता खेळणाऱ्या पोरांना तालमी हंगामाचा करार करून ठेवतात, पगारी माणसं आहेत ती. आमच्या टेलिफोन ऑफिसात एखाद्या पगारी माणसानं ड्यूटी संपल्यावर फोन आपटला असता, तर मी त्याला दुसऱ्या दिवशी आत घेतलं नसतं.

त्या सगळ्या गोंधळात एकाच मुलानं माणसासारखं केलं. तो गोलपोस्टकडे गेला, जमिनीवर बसलेल्या त्या गोलकीपरला हात देऊन उठवलं, मिठी मारली. खालच्या तालमीची पोरं जिंकल्याचा गुलाल उधळत होती. त्यांनी मूठभर याच्याही डोक्यावर टाकला. यानं पुसला नाही. तसाच पेठेत चालत आला.

आणि त्या गुलालावरून तू पोटच्या पोराला उंबऱ्याच्या आत घेतलं नाहीस. ‘आधी अंग धू, मग ये’ एवढं म्हणाला असतास तरी मी समजून घेतलं असतं. तू म्हणालास, ‘ज्यांचा गुलाल घेतलास, त्यांच्यातच जा.’

तो कुठे आहे, हे मला विचारू नकोस. मला माहीत नाही.

— अक्का


शुक्रवार, २८ मार्च

गणपत,

धोंडुबाईनं तुला सांगितलं असणार की अक्का दूध दुप्पट घेते आणि अंडी आणते. मी अंडी खात नाही, हे तुलाही ठाऊक आहे. ठीक आहे, माझ्याकडे आहे तो. पुढच्या खोलीत दिवाणावर झोपतो आणि पाय बाहेर लोंबतात.

आता कालच्या बैठकीबद्दल. बायका तालमीत पाऊल टाकत नाहीत, म्हणून मी पायरीखाली चप्पलांच्या ढिगाशेजारी उभी होते. खिडकी उघडी होती. तुम्ही लोक कुजबुजत नाही ही तुमची एकच चांगली सवय, त्यामुळे मला शब्दन् शब्द ऐकू आला.

सम्राट म्हणाला, “आण्णा, पेनल्टी मारलीच न्हाई त्यानं. हातात दिली हातात! आन् वर मिठी. व्यवहार झाल्याबिगर कोन मिठी मारतंय व्हय?”

कुणीतरी ओरडलं, “मग मिठी कशाला मारलीस, त्ये सांग!”

आणि तुझा मुलगा म्हणाला, “त्यानं लई भारी अडवली म्हणून.”

त्यावर तालमीत जे हसणं झालं, तसं मी टेलिफोन ऑफिसात तीस वर्षं शिव्या ऐकूनही कधी ऐकलं नव्हतं. इतकं ओंगळ. मग तू उठलास. तू म्हणालास, “मारुतीम्होरं बेलभंडारा उचल. म्हण, मी इकलो गेलो न्हाई. मग बंगळूरच्या कागदावर सही करतो. न्हाईतर बस घरात हंगामभर.”

बाप म्हणून तुला लाज वाटत नसेल, पण अध्यक्ष म्हणून तरी वाटावी. बंगळूरच्या क्लबनं त्याला बोलावलंय. खरा व्यावसायिक क्लब, जिथे पोटापाण्याचा खेळ होतो. नोंदणी तुमच्या तालमीकडे आहे, म्हणून तुमच्या ना-हरकत पत्राशिवाय त्याला तिकडे खेळता येत नाही. पुढच्या शुक्रवारपर्यंत ते पत्र गेलं पाहिजे. चौदाव्या वर्षापासून तो ज्याची वाट बघतो आहे ते तुझ्या शर्टाच्या खिशात आहे, आणि तू ते देवाच्या आडून विकायला काढलंस. मॅच कुणी विकली हे मला माहीत नाही, पण हे विकणं मी कानानं ऐकलं.

तो काय म्हणाला ते तुझ्या लक्षात आहे का? मी इथे लिहून ठेवते, कारण तुझी पोरं उद्या वेगळंच सांगत फिरतील.

“आण्णा, बॉल डाव्या पोस्टाकडं मारला. त्यानं वळखला. तुमाला मी सांगितलं. तुमचा विश्वास नसंल तर देवाला मधी कशाला घालायचं? उद्या बारकी पोरं हरतील, हात मिळवायला जातील, मग त्यांनीबी भंडाराच उचलायचा का?”

मग तो बाहेर आला. चप्पल शोधायला वाकला आणि खूप वेळ वाकूनच राहिला. मी काही पाहिलं नाही.

आणि बैठकीनंतर पायरीवर मला बघून तू सगळ्यांसमोर म्हणालास, “काय गं अक्का, तुझ्या कॉन्व्हेंटात हरायचं शिकवत्यात वाटतं? आमच्या तालमीत न्हाई शिकवत.” पोरं परत हसली.

हो, शिकवायचे. आबांनी मला एकटीला तिथे घातलं आणि तुला तालमीत, हा तुझा जुना राग आहे, म्हणून सांगते. आमच्याकडे हॉकीची मॅच हरलेल्या मुलींनी जिंकलेल्यांना सरबत वाढायचं असे. गुडघ्याला खरचटलेलं असायचं, डोळ्यांत पाणी असायचं, आणि हातात सरबताचा तो जड जग. सिस्टर फिलोमिना दारात उभी. पेला भरताना सरबत सांडलं तर पुसायला लावी. तेव्हा मला ती बाई अजिबात आवडत नसे. पण त्या जगामुळे मला कळलं की हरल्यावर हाताला काहीतरी काम लागतं, नाहीतर तो दगड शोधतो. तुझ्या पोरांचे हात रविवारी काय शोधत होते, ते मैदानाबाहेर दगड खाल्लेल्या पोलिसांना विचार.

पेठेच्या कोपऱ्यावरचा फलकही आज बघून आले. ‘हार नव्हे, घात! पेठेच्या मनातले विजेते.’ खाली तुझा नमस्कार करतानाचा फोटो. संघाच्या फोटोतून ऋतुराजला कापून काढलंय. पण त्या वेळी त्यानं सम्राटच्या खांद्यावर हात टाकला होता, तो हात काही त्यांना कापता आला नाही. त्यामुळे सम्राटच्या खांद्यावर कोपरापासून पुढचा एक हात तेवढा उरलाय, कुणाचाच नसलेला. भर चौकात. येणारे-जाणारे बघतात. कुणालाही त्यात काही चमत्कारिक वाटत नाही, याचीच मला सगळ्यात जास्त किळस आली.

सही कर, गणपत.

— अक्का


सोमवार, ३१ मार्च

गणपत,

काल पाडव्याला तुझ्या घरून कुणी आलं नाही. तुझी लेक क्रांती मागच्या दारानं येऊन पुरणाचा डबा ठेवून गेली, पण ते मी तुला सांगत नाहीये. तिला बोललास तर माझ्याशी गाठ आहे.

तुझ्याकडून नाही, पण एक पावणा आला. हेल्मेट घालूनच जिना चढला, दारात आल्यावरही काढेना. मी म्हटलं, “कोण रे बाबा? दरोडा घालायचा असेल तर चहा घेऊन मग घाल.” तर आतून आवाज आला, “आत्या, मी वरद. खालच्या तालमीचा गोलकीपर. तुमच्या पेठेतनं तोंड उघडं ठेवून यायला भ्या वाटतंय.”

उजव्या हाताची दोन बोटं एकत्र बांधलेली होती. तुझ्या पोराच्या पेनल्टीनं मुरगळलेली. विकलेल्या पेनल्टीत बरंच बळ होतं म्हणायचं.

तो ऋतुराजला म्हणाला, “मी येतो तुमच्या तालमीत. मी उचलतो भंडारा. आम्ही काय दिलं न्हाई आन् तू काय घेतलं न्हाईस. मारतील तर मारतील.”

ऋतुराज म्हणाला, “बोटं वळंनात आन् भंडारा उचलतोय. बस खाली, श्रीखंड खा.”

मग काय झालं ते नीट वाच. दोघं माझ्या स्वयंपाकघरात फरशीवर बसले. वाटी म्हणजे गोलपोस्ट, पुरीचा तुकडा म्हणजे बॉल. आठवडाभर माझ्या घरात धड शब्द न बोललेला मुलगा विचारतोय, “तुला कळलं कसं रे? मी तर शेवटपर्यंत उजवीकडंच बघत होतो.”

वरद म्हणाला, “बघत व्हतास की. पर पळत येताना तुझा डावा खांदा पडतोय. डावीकडं मारायची आसली की पडतोय. सेमीफायनलला मी कंपाउंडवर बसून बघितलं. भावा, कुणालाबी सांगू नगंस, न्हाईतर पुढच्या वर्षी मी काय करू?”

ऋतुराजनं पुरीचा तुकडा खाली ठेवला. मग उठला आणि स्वयंपाकघर ते पुढची खोली असा पळत आला, परत पळत आला, आरशासमोर पळत आला. माझी बरणी फुटली. “आयला, खरंच की!” म्हणून दोघं पोट धरून हसायला लागले. सगळ्या पेठेला जी गोष्ट घात वाटते, ती त्या दोघांना एका खांद्याची चूक होती, आणि ती सुधारता येण्यासारखी होती.

आता तुला विचारते. तो असा पळत यायला कुणाकडून शिकला? आठ वर्षांचा असल्यापासून मैदानावर त्याला पेनल्टी कुणी शिकवली? मी तुझे सामने पाहिलेत, गणपत. तुझाही खांदा पडायचा. तुझ्या वेळी समोरच्या गोलकीपरला तो दिसला नाही एवढंच. मग तुझ्या खांद्यावर मारुतीसमोर भंडारा ठेवायचा का?

मी वर्तमानपत्राला लिहायला घेतलं आहे. तुझ्या नावानिशी. फलकाचा फोटोही काढलाय. गुरुवारपर्यंत सही झाली नाही तर देणार.

— अक्का


गुरुवार, ३ एप्रिल

गणपत,

वर्तमानपत्राला दिलं नाही. दिलं असतं, सहीसकट पाकिटात घातलं होतं. तुझ्या पोरानं ते माझ्या हातातून घेतलं. ओढून नव्हे, मागून घेतलं.

“आत्या, ह्ये छापून आलं तर मी हरलो त्याची बातमी न्हाई व्हनार. आण्णांची व्हईल. त्यांची का व्हावी?”

मी म्हटलं, “कारण त्यांनी लायकी दाखवलीय म्हणून.”

तो म्हणाला, “तुम्हीच सांगितलं न्हवतं का, सरबत वाढायचं?”

मी पाकीट सोडलं. असं रोज होत नाही.

म्हणून आता तुला कसलीही धमकी नाही. विनंती करते आहे. माझ्या तोंडाला त्या शब्दाची सवय नाही, त्यामुळे अक्षर वाकडं आलं असेल. उद्या शुक्रवार. क्रांती म्हणते, तो कागद तू घडी करून शर्टाच्या खिशात घेऊन फिरतोस, शर्ट बदललास की त्यात घालतोस, आणि जेवताना दोनदा बाहेर काढून बघितलास. म्हणजे तुलाही तो टोचतो आहे. मग अडतं कुठे? सम्राट काय म्हणेल, तिथे? ज्या पोरानं बाईचं कपाळ फोडलं आणि अजून तिला विचारायला गेला नाही, त्याच्या मताला घाबरून तू पोराचं आयुष्य अडवणार?

तू त्याच्यावर विश्वास ठेवत नाहीस, असं मला वाटत नाही. माझा अंदाज याहून वाईट आहे. तुला माहीत आहे की तो खरं बोलतोय. पण पोरगा विकला गेला म्हणून हरलो, हे पेठेला सांगायला सोपं आहे. समोरचा चांगला खेळला म्हणून हरलो, हे सांगायला छाती लागते. बाहेर मोटारसायकलींच्या रॅलीत मिरवायला लागते ती छाती वेगळी.

उद्या दुपारपर्यंत मी, ते पत्र जिथे द्यायचं त्या जिल्हा फुटबॉल संघटनेच्या ऑफिसच्या बाहेर, चहाच्या गाड्याजवळ बसलेली असेन. तू आलास तर मी काहीच बोलणार नाही. चहासुद्धा विचारणार नाही.

— अक्का


शनिवार, ५ एप्रिल

गणपत,

तू आला नाहीस. मी ऑफिस बंद होईपर्यंत बसले. चहावाल्यानं शेवटी विचारलं, “मावशी, कोन यायचंय?” मी म्हटलं, “माझा भाऊ. पण तो फार मोठा माणूस आहे.”

बंगळूरहून आज सकाळी फोन आला. मराठी-हिंदी मिसळून बोलणारा सभ्य माणूस होता. जागा दुसऱ्याला दिली म्हणाला. पुढच्या वर्षी बघू म्हणाला. ऋतुराज त्याला ‘थँक यू सर’ म्हणाला आणि वर ‘ज्याला घेतलं त्याला शुभेच्छा सांगा’ म्हणाला. मी स्वयंपाकघरात होते. पातेलं जोरात आपटलं, मुद्दाम, म्हणजे त्याला माझं काही ऐकू जाऊ नये.

तेव्हा तुझं झालं. तुला हवं होतं तसं झालं. त्यानं भंडारा उचलला नाही आणि तू सही केली नाहीस. तुझ्या पेठेचं नाक वर राहिलं. मला तुझा, त्या फलकाचा, त्या तालमीचा आणि त्या तालमीच्या पायरीवर बसून मोबाइलवर पेनल्टी परत परत बघणाऱ्या सगळ्यांचा इतका वीट आलाय की आज बाजारातून येताना मी लांबच्या रस्त्यानं आले.

तो मलकापूरला चालला आहे. तिथल्या एका शाळेला मुलांना फुटबॉल शिकवायला माणूस हवाय. हंगामभर स्वतः खेळता येणार नाही, पण पोरांना खेळवता येईल. राहायला शाळेचीच खोली आहे. बॅग भरून झाली. दोन हातमोजे वरदनं आणून दिले, तिथल्या गोलकीपरला म्हणून.

हे पत्र खरं तर लिहिणारच नव्हते. पण रात्रीचं जेवण झाल्यावर तो म्हणाला, “आत्या, उद्या सकाळी जाताना आण्णांना नमस्कार करून जातो.”

मी भडकले. म्हटलं, “कशाला? ज्यानं तुझा घास काढून घेतला, त्याच्या पाया पडायला? तो कडी काढणार नाही. गल्लीतली माणसं बघतील. तो सम्राट खिडकीत बसून हसेल. परत अपमान करून घ्यायचाय का?”

तो ताट धूत होता. हात न थांबवता म्हणाला, “आमची मॅच झाली की, आत्या. त्यांनी जिंकली. मॅच झाल्यावर भेटून जायचं असतंय.”

एवढंच. राग नव्हता त्यात. मी शोधला. असता तर मला बरं वाटलं असतं, कारण रागाचं काय करायचं हे मला कळतं.

मी त्याला अडवणार नाही. धोंडुबाई उद्या उशिरा येते, म्हणून हे पत्र आत्ताच मी स्वतः तुझ्या दाराच्या फटीतून सरकवते आहे. आवाज झाला तर टीव्ही वाढवू नकोस.

सकाळी पहिल्या गाडीआधी तो येईल. खांद्यावर बॅग असेल. दार वाजवेल, एकदाच, कारण तो दोनदा वाजवणारा नाही. तू त्याला माफ करावंस असं मी म्हणत नाही, माफ करण्यासारखं त्यानं काही केलेलं नाही. तू माफी मागावीस असंही म्हणत नाही. तुला ते जमणार नाही आणि अर्धवट जमलेलं मला बघवणार नाही.

हरल्यावर कसं वागायचं, ते तो दाखवायला येतोय. समोर तू असशील. तू जिंकलास, गणपत. निदान एकदा तरी जिंकणाऱ्यासारखा वाग. कडी काढ.

— अक्का